बहिऱ्याची मोजणी

"गाय ओरडायच्या आधी तिची कूस आत जाते," व्हर्न टॉलहर्स्ट एकदा चहाच्या सुट्टीत म्हणाला होता. आम्ही हसलो. ज्याला काहीच ऐकू येत नाही तो ओरडण्याबद्दल बोलत होता.

त्याचे कान याच कत्तलखान्याने खाल्ले. जनावर जिथे हवेच्या बंदुकीने बेशुद्ध करतात त्या लोखंडी पेटीशेजारी, त्या बंदुकीला हवा पुरवणारे कॉम्प्रेसर धडधडतात. तिथे अकरा वर्षं उभा राहून तो ठार बहिरा झाला. मग त्याला बाहेर गुरांच्या आवारात धाडलं. ती शिक्षा होती, पण त्याला मानवली. क्वीन्सलँडहून दोन दिवस ट्रकमध्ये उभी राहून आलेली गुरं त्याच्या हातातल्या नुसत्या फडक्याने पुढे सरकायची. पत्र्याच्या गल्लीत शिरली की ती माझ्या ताब्यात. माझ्या हातात करंटची काठी असे.

गेल्या मार्चमध्ये सरकारी पशुवैद्य नादिया फहमी बाईंनी मोजणी लावली. शंभरातली तीनपेक्षा जास्त गुरं पेटीत शिरताना ओरडली, तर काठी जप्त. बाई मोजणार, आमचाही एक माणूस मोजणार. मॅनेजर ग्लेन स्क्युडरने व्हर्नला उभं केलं.

"आज बहिऱ्याला मोजायला लावलंत," मी म्हटलं, "उद्या आंधळ्याला रंग द्यायला लावा."

"तू गप रे," ग्लेन म्हणाला. मग व्हर्नला वाचता येतील असे ओठ हलवत म्हणाला, "म्हाताऱ्या, दोनच ओरडली असं लिहायचं. नाहीतर सोमवारपासून कातड्यांच्या शेडमध्ये."

कातड्यांच्या शेडमध्ये जिवंत काही नसतं. व्हर्नने कागद घेतला.

दुपारपर्यंत शंभर गुरं आत गेली. बाईंच्या कागदावर तीन. व्हर्नच्या कागदावर एकोणीस.

ग्लेनचा चेहरा पांढरा पडला, तरी तो हसला. "बाई, याच्या कानाशी तोफ उडवली तरी हा वळत नाही."

"कॉम्प्रेसर बंद करा," व्हर्न म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता, गरजेपेक्षा मोठा. "टाकीतली हवा दहा गुरांना पुरते."

बाईंनी ग्लेनकडे पाहिलं. बटण दाबलं गेलं.

इतकी शांतता मी तिथे कधी अनुभवली नव्हती. पत्र्यावर खूर वाजत होते. पहिली गाय अडली, मी काठी लावली. व्हर्नने बोट वर केलं. त्यानंतर, एका श्वासाच्या अंतराने, ती ओरडली. रोज माझ्या हाताखाली होत असलेला तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. पाच गुरांत तीनदा बोट वर गेलं आणि तिन्ही वेळा आवाज बोटामागून आला. उरलेल्या दोघींच्या वेळी बोट खाली होतं. त्या ओरडल्या नाहीत.

"काठी बघून बोट उचलतोय तो," ग्लेन पुटपुटला.

"काठी पाचही वेळा लागली," बाई म्हणाल्या. "बोट तीनदाच उठलं."

उरलेली पाच व्हर्नने स्वतः आणली. मला बाजूला केलं, खिशातून फडकं काढलं, आणि गायीच्या खांद्यामागे ते हळू हलवत राहिला. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. पाचही गुरं पेटीत गेली. खुरांखेरीज काही वाजलं नाही.

बाईंनी आपल्या कागदावरचा तीनचा आकडा खोडला, एकोणीस लिहिला, सही केली. खाली एक ओळ वाढवली आणि ती मोठ्याने वाचली: व्हर्न टॉलहर्स्ट आवारात हजर नसेल, त्या दिवशी एकही जनावर गल्लीत सोडायचं नाही.

"आणि कातड्यांची शेड?" मी ग्लेनला विचारलं.

"तूच जा तिकडे," तो म्हणाला.

व्हर्नने बाईंच्या हातातला कागद घेतला. ओळ दोनदा वाचली. मग माझ्यापुढे हात पसरला. मी काठी दिली. त्याने तिचं झाकण फिरवून सेल काढले, माझ्या शर्टाच्या खिशात टाकले, खिसा वरून थोपटला, आणि उजेडात, आवाराकडे, निघून गेला.