पुसलेली लग्नपत्रिका

माझ्या लग्नाची पत्रिका मी स्वतःच्या हाताने पुसली. रविवारी सकाळी, वडील शेजारी बसून बशीतून चहा पीत असताना. ते चुकून झालं, हे मी तेव्हापासून शपथेवर सांगते आहे. आमच्या भावकीत एकाचाही त्यावर विश्वास नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीला इंजिनिअरिंग पूर्ण करून मी इस्लामपूरजवळच्या आमच्या गावी आले होते. घरात जुळणी केलेला एक कॉम्प्युटर होता. त्याच्या डोक्यावर आईने विणलेला रुमाल होता आणि पोटात आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठेवलेली पत्रिका.

आमच्याकडे पत्रिकेत मुहूर्त कुणी वाचत नाही. आधी स्वतःचं नाव शोधतात, मग आपल्या वर कोण आहे ते बघतात आणि मग लग्नाला जायचं की नाही ते ठरवतात. त्रेचाळीस नावं होती. आण्णा फौजेतून सुभेदार होऊन आलेले. महिनाभर भावकीच्या बैठका घेऊन त्यांनी क्रम ठरवला, अर्थात स्वतः सगळ्यात वर. खाडाखोडीचे कागद कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून ते बंबात घातले. "मशीन चहाडी करत न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

तळाला नाव होतं तात्यांचं. हे माझे धाकटे चुलते. जमिनीच्या वाटणीत बांधावरचा आंबा कुणाकडे जावा यावरून दोघे भाऊ सहा वर्षं बोलत नव्हते. आण्णांनी तात्यांना पंगतीत पाणी वाढणाऱ्या पोरांच्याही खाली टाकलं होतं. मला सायकल शिकवली ती तात्यांनी. ती पत्रिका बघून ते लग्नाला पाऊल टाकणार नाहीत, हे मला कळत होतं, आईला कळत होतं. आण्णांना सांगायची छाती दोघींनाही नव्हती.

तर त्या रविवारी मी कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची नवी सिस्टीम चढवायला बसले. सांगलीच्या एका दुकानातून घेतलेल्या मासिकाला त्याची सीडी चिकटवलेली होती.

"ह्ये केवढ्याला?" आण्णांनी विचारलं.

"फुकट. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय. कुणीही घ्या, कुणीही बदला."

"फुकट कोण देतंय गं? कायतरी भानगड असणारच."

अर्धा तास यंत्र नीट वागलं. मग त्याने विचारलं, डिस्कची वाटणी करायची, की सगळी एकत्र वापरायची?

आता सांगा, आमच्या घरातल्या मुलीने काय उत्तर द्यावं? सहा वर्षं मी वाटणीची फळं खात होते. मी म्हटलं, नको बाई वाटणी! जुनी सिस्टीम, नवी सिस्टीम, नांदा सगळ्या एका घरात. मी 'एकत्र' निवडलं. यंत्राने पुन्हा विचारलं, नक्की? मी एकत्र कुटुंबाच्या प्रेमात. नक्की!

स्क्रीन काळी झाली. बऱ्याच वेळाने पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली. यंत्र मला माझं नाव विचारत होतं. ते सांगून मी आत शिरले, तर घर धुऊन काढल्यासारखं मोकळं. जुनी सिस्टीम नाही, फाइली नाहीत, काही नाही. 'एकत्र' म्हणजे जुनं सगळं पुसून अख्खी डिस्क नव्या सिस्टीमला, हे मला तेव्हा कळलं.

"पत्रिका दाव," आण्णा म्हणाले. "उद्या सांगलीला छापायला द्यायची हाय."

"आण्णा... ती गेली."

"कुटं गेली?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही. आण्णांची बशी तिरकी झाली आणि चहा धोतरावर सांडला. 

दुपारी घराच्या पुढच्या सोप्यात भावकी पुन्हा गोळा झाली. प्रत्येकाला क्रम पाठ होता, फक्त तो दुसऱ्याच्या क्रमाशी जुळत नव्हता. आवाज चढले. त्या कल्लोळात मी नव्या सिस्टीममध्ये नावं भरत बसले. मराठी अक्षरं तिला येत नव्हती, म्हणून इंग्रजीत. मग एकाच शब्दाचा हुकूम दिला आणि बटण दाबलं. पापणी लवायच्या आत त्रेचाळीस नावं आद्याक्षरांप्रमाणे ओळीत उभी राहिली.

 तात्यांचं पत्रिकेतलं खरं नाव 'ए'वरून, म्हणून सगळ्यात वर तात्या. आण्णांचं 'व्ही'वरून, म्हणून आण्णा बेचाळिसावे.

"परत लाव," आण्णा म्हणाले.

परत लावलं. तात्या वर.

"आता परत!"

तात्या वर. 

भावकीतले सर्वांत म्हातारे आजोबा काठी टेकत पुढे आले. स्क्रीन त्यांना वाचता येत नव्हती, तरी बराच वेळ बघितली. "ह्याला कुणी पैसं दिल्यात का?"

"नाही आजोबा, फुकट आहे."

"मग ह्यो कुणाच्या मिंध्यात न्हाई. आन् मशीनला भावकी नस्ती. ऱ्हाऊ द्या ह्योच क्रम."

नावं हाताने वर-खाली करता येतात, हे मी बोलले नाही. कुणी विचारलंच नाही. आई मात्र स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे टक लावून बघत होती.

पत्रिका छापून आली. तात्यांकडे अक्षता घेऊन आई गेली. तिने सांगितलं, तात्यांनी नेहमीप्रमाणे तळापासून बोट फिरवायला सुरुवात केली. वरवर सरकत बोट पहिल्या ओळीवर येऊन थांबलं.

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या तोंडाशी फेटा बांधून तात्या उभे! आण्णा समोर गेले. दोनशे माणसं श्वास रोखून बघत होती. सहा वर्षांत पहिल्यांदा आण्णांनी भावाशी तोंड उघडलं, तेही सुभेदाराच्या आवाजात.

"हुबा का? पंगत बसव की."

तात्यांनी फेट्याचा शेमला सावरला. "आवं आण्णा, तुमी नका हुकूम सोडू. तुमचं नाव शेवटनं दुसरं हाय. बसा पानावर, मी वाढतो."

आणि आमचे सुभेदार, आयुष्यात पहिल्यांदा, मुकाट्याने बसले.