खांदेमळणीला लागलेली गाठ

मी शहराबाहेरच्या एका वळू केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते. होल्स्टीन, जर्सी, गीर, देवणी अशा जातीजातींच्या वळूंचं रक्त घ्यायचं, त्यात जंतू सोडायचे आणि पांढऱ्या पेशी किती जंतू गिळतात ते सूक्ष्मदर्शकात मोजत बसायचं. मान मोडून जाते. पण देवणीच्या पेशी जंतूंचा असा फडशा पाडायच्या की माझीच छाती फुगायची. आमच्या घरी देवणी वळू आहे ना!

चितेगावच्या पुढं आमचं गाव. आसपासचे लोक आमच्या वळूकडं गाई घेऊन यायचे. रविवारी घरी गेले की मी वडिलांना, म्हणजे आबांना, या पेशींचं पुराण सांगायचे. आबांचा सगळा जन्म गुरांत गेलेला. तंबाखू मळत ऐकायचे आणि म्हणायचे, "लई हुशार झाली माय आमची."

मग गुरांत लम्पीची साथ आली. अंगभर गाठी, ताप, जनावर दगावायचंही. गावात लस टोचणारे आले तेव्हा आबांनी फोन केला, "टोचल्यावर दोन-तीन दिवस अंग गरम राहतंय म्हणतेत. वळूला टोचू का?"

मी सूक्ष्मदर्शकावरनं डोळा न काढता म्हणाले, "आपल्या जर्सी गाईला टोचा. देवणीला काय होतंय! त्याचं पुढच्या खेपेला बघू."

शहाणपण नुसतं उतू चाललं होतं माझं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. जू ओढणाऱ्या बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळायचे. वळूच्या खांद्यावर कधी जू येत नाही, तरी आबा त्याचेही चोळायला लावतात. घरातलाच तो, त्याला वगळायचं कसं? त्या वर्षी मी चोळत होते. मानेजवळ बोटांना गाठ लागली. मग दुसरी. अंग चांगलंच तापलेलं.

"आबा," एवढंच तोंडातनं निघालं.

त्यांनी हात फिरवून पाहिला. तुपाची वाटी बाजूला ठेवली आणि वळूला एकट्याला मागच्या शेडात नेऊन बांधलं. मला रडू फुटलं. "माझ्यामुळं झालं हे."

"गप. आधी डॉक्टरला फोन लाव."

मी रजा टाकून घरीच राहिले. गाठी फुटल्या. कडुनिंबाच्या पाण्यानं जखमा धुवायच्या, माश्या हाकायच्या. त्यानं वैरणीला तोंड लावणं सोडलं होतं. तो जातोय असंच वाटायचं आणि मी मनातल्या मनात त्या पेशींना शिव्या घालायचे. सोळाव्या दिवशी त्यानं आबांच्या हातातला कडबा ओढून घेतला. मी पळत जाऊन आणखी एक पेंढी आणली.

डॉक्टर म्हणाले, "जनावर काटक, म्हणून तगलं. पण लस असती तर एवढं भोगलं नसतं."

खरंच होतं ते. तगणं वेगळं आणि आजारी न पडणं वेगळं, एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती. गावात कुणी विचारलं की लस का नाही टोचली, तर आबा सांगायचे, "मीच इसरलो."

पुढच्या वर्षी लस टोचणारे आले तेव्हा मी घरीच होते. तोंड शिवून ओट्यावर बसले. आबांनी वळूला सगळ्यांच्या पुढं उभं केलं. शेजारचे काका म्हणाले, "देवणीला कशाला? त्याला काय होतंय?"

"आमची पोरगी म्हणती, टोचून घ्या," आबा म्हणाले. "शिकलेली हाय ती."

मी तर त्या दिवशी एक शब्द बोलले नव्हते. डोळे पुसले, खाली उतरले आणि वळूचा कासरा धरला.