चौथा महिना लागण्याआधी

माझ्या कपाळावरच्या आठ्या म्हणजे माझ्या रागाची कमाई. नणंदेचं लग्न ठरलं आणि त्या आठ्या फोटोत येऊ नयेत म्हणून तिनेच हौसेनं माझ्यासाठी अकोल्याच्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे बोटॉक्सच्या इंजेक्शनची वेळ घेतली. मला विचारलंसुद्धा नाही. लाडक्या नणंदेवर रागावता येत नाही, म्हणून मी हो म्हटलं.

वेळ घेतली तेव्हा मला काही माहीत नव्हतं. लग्नाच्या तोंडावर कळलं, की मला दिवस गेलेत. नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. मागच्या खेपेला पहिल्याच महिन्यात सासूबाईंना सांगितलं होतं. त्यांनी आनंदाच्या भरात पार वलगावच्या पाहुण्यांपर्यंत पेढे पोचवले, आणि पुढच्या महिन्यात सगळं संपलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "चौथा लागेपर्यंत तोंडातून काढू नाई, पोरी. नजर लागते." रिवाज आमच्याकडे सगळ्यांचाच आहे. पण त्या दिवसापासून मी मनात पक्कं धरलं, की माझ्या जिभेनंच माझं बाळ घालवलं.

इंजेक्शन रद्द करायचं तर कारण द्यावं लागणार, आणि आमच्या घरात 'नको वाटतं' हे कारण चालत नाही. अमरावतीहून निघताना ठरवलं, डॉक्टरीणबाईंना एकटं गाठून हळूच सांगू. पण सासूबाईंना ब्लाउजसाठी अकोल्यालाच यायचं होतं. त्या सोबत आल्या आणि थेट तपासणीच्या खोलीत माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवस वगैरे नाहीत ना? बाळ अंगावर पीत नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

कपाळाला बधिर करायची क्रीम लावून त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं. सासूबाई ब्लाउजच्या बाह्यांबद्दल बोलत होत्या, मी नुसती हूं हूं करत होते. सुई कपाळाला, बाळ पोटात, मग डॉक्टर विचारतात कशाला? काही असेल म्हणूनच ना? सांगितलं तर नजर, नाही सांगितलं तर सुई. इकडे आड, तिकडे विहीर. आणि सगळ्यात जास्त लागलं ते माझं 'नाही'. एवढी वाट पाहायला लावून आलेल्या जिवाला मी त्याच्या आजीसमोर नाही म्हटलं होतं.

आत बोलावलं. डॉक्टरीणबाई सुई भरायला लागल्या.

"थांबा," मी म्हणाले. "दिवस आहेत मला."

त्यांनी सुई बाजूला ठेवली. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाल्या. सासूबाईंकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. त्यांचा आवाज मात्र आला, "तोंडावरची सुई पोटापर्यंत जाते काय हो?"

"औषध बहुतेक जागेवरच राहतं, आजी. पण गरोदर बायकांवर ते पुरेसं तपासलेलं नाही, म्हणून आम्ही देत नाही. बाळ अंगावर पितं तोवरही थांबलेलं बरं. आठ्या कुठे पळून जातात?" लावलेल्या क्रीमची काळजी करू नका, असंही त्यांनी सांगितलं.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी मला बाकावर बसवलं आणि कपाळावर राहिलेली क्रीम पदरानं पुसली. कपाळ बधिर होतं, त्यांचा हात मला कळतही नव्हता.

"आई, चौथा लागला नाही अजून," मी म्हणाले. "आता पुन्हा जाईल का हो?"

त्या माझ्या शेजारी बाकावर बसल्या.

"सांगतल्यानं काई जात नाई," त्या म्हणाल्या. "मांगच्या टायमालेबी सांगतल्यानं नाई गेलं. मले तवाबी माहीत होतं. पण गेल्यावर माणसाले काईतरी बोलाच लागते ना. मले दुसरं काई सुचलंच नाई."

दोन वर्षं मी ते एक वाक्य उराशी घेऊन जगले होते. मला अतोनात राग आला. त्या रागातच त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मी ढसाढसा रडले. येणारे-जाणारे बघत होते; सासूबाईंनी त्यांना बघू दिलं, मला रडू दिलं.

मग माझं तोंड पुसून म्हणाल्या, "चाल, काई खाऊन घे. भूक लागली अशीन तुमा दोघाईले."