गृहीत न धरणाऱ्या मॅडम

कलावती मॅडमची आणि माझी पहिली भेट आमच्या लोहाऱ्याच्या कॉलेजात, मराठी विभागाच्या दारात झाली. अर्ज भरायचे दिवस होते आणि माझ्या हातात एम.ए.चा अर्ज होता. मॅडमनी चष्म्यावरनं बघितलं अन् विचारलं, "मुलीचा अर्ज आणलाय का?"

"न्हाय मॅडम. मुलीचं लग्न झालं, मालक देवाघरी गेले. आता घरात शिकवायजोगी मीच उरलेय."

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं, न्हायतर हळहळलं असतं. मॅडमनी दोन्ही केलं न्हाय. खुर्ची पुढं सरकवली अन् म्हणाल्या, "बसून भरा. उभ्यानं भरलं की खाडाखोड होते."

गावच्या शाळेत दहावी झालेली, पुढचं सगळं चुलीपुढं बसून बाहेरनं केलेली बाई मी. त्या दिवशीच कळलं, ह्या बाई कुणाचं उगं कौतुक करायच्या न्हाईत अन् कीव तर मुळीच करायच्या न्हाईत.

मॅडमच्या साठीच्या ह्या गौरवग्रंथात त्यांच्या विद्वत्तेवर मोठमोठी माणसं लिहितीलच. मला त्यातलं कळलं ते एवढंच, की मॅडमकडं काही लिहून नेलं की त्या ते मोठ्यानं वाचायला लावतात. आमच्या वर्गातल्या एकीनं कुठल्यातरी पुस्तकातलं भारदस्त वाक्य उचलून आणलं होतं. वाचता वाचता तिला मधीच दम लागला. मॅडम म्हणाल्या, "बाळ, हे तुझं असतं तर तुझ्या दमात बसलं असतं." पोरीनं कान पकडले. आम्ही बाकीच्यांनी हळूच आपापल्या वह्या मिटल्या.

पुढं मॅडमच्या मार्गदर्शनाखाली मी पीएच.डी.ला लागले. विषय माझ्या जिभेला शोभंल असाच घेतला: आमच्या तालुक्यातली पडलेली नावं. बारशाला ठेवतात ते ठेवलेलं नाव. गाव चिडवून चिडवून चिकटवतं ते पडलेलं. आमच्या गल्लीत एकजण बोलायच्या आधीच तोंड उघडून उभा राहायचा, त्याचं नाव 'कवाड' पडलं. माणूस गेला, तरी अजून ते कवाडाचंच घर. यातली बरीच नावं म्याच पाडलेली हाईत, हे मॅडमना सांगितलं तवा त्या एवढंच म्हणाल्या, "मग संदर्भसूचीत स्वतःला घाला."

आता विद्यापीठाचा नियम असा, की प्रबंध द्यायच्या आधी परिषदांमधी दोन निबंध वाचून दाखवायचे. न्हायतर सगळं काम घरात पडून. पहिली परिषद परंड्याकडच्या एका कॉलेजात होती आणि मॅडम संगं आल्या होत्या. माझे पांढरे केस बघून दारातल्या पोरींनी मलाच मार्गदर्शक समजून पुढं सोफ्यावर बसवलं, आणि बारीक अंगाच्या मॅडमना विचारलं, "तुमचा पेपर कितव्या सत्रात?" मी सोफ्यावरनंच म्हटलं, "जरा सांभाळून घ्या त्यांना, पहिलीच वेळ हाय." मॅडमनी डोळे वटारले, पण मला उठवलं न्हाय. मागं जाऊन गप बसल्या.

उद्घाटन, सत्कार, भाषणं, यातच दुपार टळली. जेवणं झाली आणि कुर्डुवाडीच्या गाडीच्या घाईनं माणसं पांगली. माझी पाळी यायच्या आधी सत्राध्यक्षांनी घड्याळ बघितलं अन् म्हणाले, "वेळेअभावी उरलेले निबंध वाचले असं गृहीत धरू. प्रमाणपत्रं घेऊन जा."

मी तर खूश. प्रमाणपत्र मिरवत मॅडमकडं आले.

"वाचलात?"

"गृहीत धरलं."

"कुणी?"

"सायबांनी."

"मी नाही धरलं. परत देऊन या."

म्या हसण्यावारी न्यायला बघितलं. "मॅडम, सासर-माहेर दोघांनी मला जन्मभर गृहीतच धरलं. त्याचा कागद देणारे हे पहिलेच भेटले."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणूनच परत द्या."

दिलं. मनातनं शिव्या घालत दिलं. आत मंडपवाले खुर्च्या एकात एक घालत होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, "दादा, एक राहू द्या." त्या एकट्या खुर्चीवर मॅडम बसल्या, आणि माईक काढून नेलेल्या टेबलामागं मी. म्हणाल्या, "वाचा." मोकळ्या हॉलात आपलाच आवाज भिंतीला लागून आपल्याकडं परत येतो, त्याच्यावाणी एकटं वाटायला लावणारं दुसरं काही न्हाय. वाचून झालं. मॅडम रीतसर उठून उभ्या राहिल्या अन् प्रश्न विचारला, "तुमच्या निबंधात सगळी पडलेली नावं पुरुषांची आहेत. बायकांची कुठं आहेत?"

त्या एका प्रश्नापायी पुढं कितीतरी गावं हिंडले. तवा कळलं, आमच्याकडं बाईला नाव सहसा पडतच न्हाय. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात, माहेरचं तिथंच पुसतं. मग ती अमक्याची मंडळी, तमक्याची आई. गाव ज्याला चिडवतं त्याला निदान ओळखतं तरी. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण हेच. सायबांचं गृहीत धरणं मॅडमनी चालवून घेतलं असतं, तर ते लिहूनच झालं नसतं.

तो पहिला निबंध म्या नंतर उमरग्याला वाचला. दुसरा लातूरला. त्या टायमाला मॅडमच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून एकटीच गेले. परिषदेतलं जेवण म्हणजे उभ्यानं खायचं, आणि जो तो आपापल्या गोलात. त्या गोलाला दार नसतं. मी ताट घेऊन हात धुवायच्या नळापाशी उभी राहिले. तिथं निदान येणारा-जाणारा "जरा सरका" तरी म्हणतो. दुपारी बायकांच्या नावांचा निबंध वाचला. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी विचारलं, "काही प्रश्न?" कुणाचाच हात वर झाला न्हाय.

स्टँडवर येऊन मॅडमना फोन लावला.

"कुणी काही विचारलं?"

"व्हय. चहा घेतला का म्हणून विचारलं."

"मग मी विचारते. तुम्हाला गावात काय हाक मारतात?"

लोहाऱ्याची गाडी लागली होती, माणसं खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरत होती. मी म्हटलं, "आधी मालकाचं नाव घेऊन त्यांची मंडळी म्हणायचे, मग मुलीची आई. आता 'हाय का कोण घरात?' म्हणतात."

मॅडमनी विचारलं, "तांदळाच्या आधी काय होतं?"

"गिरजा."

"गिरजाबाई, गाडी चुकवू नका. पोचल्यावर फोन करा."

गाडीत पदर तोंडाला लावून बसले. शेजारची म्हणाली, "गाडी लागती का वो?" म्हटलं, "व्हय बाई, लागती."

तवापासून मॅडम मला गिरजाबाईच म्हणतात. त्यांनी लग्न केलं न्हाय, त्यांच्या नावाला कधी तांदूळ लागले न्हाईत, तरी त्यांना हे समजलं. आता त्या निवृत्त होऊन पुतण्याकडं पुण्याला चालल्यात. माझा प्रबंध जमा झालाय.

मॅडम, तुमच्या शंभरीची इच्छा ह्या ग्रंथात सगळेच करतील, मीही करते. पण माझ्या इच्छेत जरा मतलब हाय. आई-बाप गेले, भाऊ गेला. मला गिरजा म्हणणारं तोंड ह्या जगात आता एकच उरलंय. तवा डोळ्यात थेंब टाकत चला, गुडघ्याला तेल चोळा, पुतण्याच्या घरी कमी रागवा अन् लई वर्षं धडधाकट राहा. फोन करत जा. कामाचं काही नसलं तरी चालंल, नुसती हाक मारून ठेवून दिला तरी चालंल.