राखणदाराचं जाकीट

प्रशिक्षण संपलं त्या दिवशी जाकिटं आली आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

तोवर बरं चाललं होतं. आमच्या खाडीतल्या कांदळवनात पर्यटकांना होडीतून फिरवायचं, झाडं-पक्षी दाखवायचे, कचरा टाकू द्यायचा नाही, मोकळ्या जागी नवी रोपं लावायची आणि त्यातून गावातल्या बायकांना गावातच काम मिळायचं, असं ते प्रशिक्षण. मी बालवाडीत शिकवायचे, ती पोरंच उरली नाहीत म्हणून बंद पडली. हे काम जमलं नाही तर पप्पांना इथे एकटं टाकून म्हापशाला भावाकडे जायचं आणि हॉटेलात नोकरी धरायची, असं घरात ठरलेलं. मला जायचं नव्हतं. नुसत्या विचारानेच रडू यायचं.

तर जाकिटं. होडी नेणारीने घालायची, नारिंगी, फुगीर. शिकवायला आलेल्या पुण्याच्या मॅडमनी गठ्ठा स्वतः सोडला आणि एक जाकीट उलटं करून आम्हाला पाठ दाखवली. पाठीवर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, 'खाडीचा राखणदार'. मॅडमना वाटलं, आम्ही टाळ्या वाजवू. आम्ही सगळ्या दोन पावलं मागे सरकलो.

"काय झालं? तुमचाच शब्द आहे ना? मुद्दाम इथला घेतला," त्या म्हणाल्या.

शब्द आमचाच होता, तीच तर पंचाईत. पहिल्या आठवड्यात कुणीतरी त्यांना खाडीच्या वळणावरचं मोठं झाड दाखवून सांगितलं होतं, इथे राखणदार आहे. मॅडमना वाटलं, वॉचमन. आमच्याकडे राखणदार म्हणजे माणूस नव्हे. जागेची राखण करणारा, न दिसणारा, रात्री हातात काठी घेऊन फिरणारा. त्याला वर्षाला कोंबडा द्यायचा आणि त्याचं नाव उगाच तोंडात घ्यायचं नाही. ते नाव पाठीवर घालून मिरवायचं म्हणजे काय!

माझ्या शेजारच्या काकी पुटपुटल्या, "शिरा पडली छापणाऱ्याच्या हातार! ह्या नाव आंगार घेवन मी होडयेत बसूचंय नाय. तो कोपलो तर आमका सांभाळतलो कोण?"

मॅडमना सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा इवलासा झाला. पण पुढच्याच आठवड्यात पहिली होडी सोडायची होती, पाहुणे ठरलेले होते आणि जाकिटाशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही हा नियम. दुसरी जाकिटं केव्हा येतील ते मॅडमनाही ठाऊक नव्हतं. कुणीच घातलं नाही तर आमचा गट सुरू व्हायच्या आधीच मोडणार आणि मी म्हापशाला जाणार, हे मला लख्ख दिसत होतं.

मग काकींनी माझ्याकडे बोट केलं. "हिका घालूक देया. ही किरिस्तांव. हिका खंय लागता आमचो राखणदार?"

सगळ्यांना पटलं. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. सुटल्यासारखं वाटलं आणि रागही आला. आमचो म्हणजे कुणाचा? आमच्या घरात संध्याकाळी तेर्स होतो, माळ हातात धरून सगळ्या प्रार्थना होतात, हे खरं. पण पप्पा जन्मभर त्या झाडाखाली दोन थेंब दारू ओतल्याशिवाय खाडीत जाळं टाकत नव्हते, हेही खरंच. मला तो लागत नसेल तर ही खाडी तरी माझी कशी?

पप्पांना विचारलं. ते म्हणाले, "घाल, पण तेका सांगून घाल." सांगू काय आणि कुठल्या तोंडाने? पाद्रींना विचारलं तर ते हसले. "प्रत्येकाला रक्षक देवदूत असतोच की आपल्यात. मग?" म्हणजे घालायचं की नाही, ते त्यांनी सांगितलंच नाही. होती ती अक्कलही हरवून मी घरी आले.

शेवटी घातलं. घालताना कपाळा-छातीवर क्रूसाची खूण केली आणि त्या झाडाकडे बघून मनातल्या मनात माफीही मागितली. दोन्हीकडे हजेरी लावून ठेवली म्हणा! पाहुण्यांना तिवर दाखवला, कांदळ दाखवला, चिखलातून वर आलेली मुळं श्वास कशी घेतात ते सांगितलं. पाहुणे खूश, मॅडम खूश. माझं सगळं लक्ष पाठीकडे. तिथे कुणी हात ठेवल्यासारखं वाटत होतं आणि मला भीती वाटत होती की बरं वाटत होतं, तेही नीट कळत नव्हतं.

दुपारपासून वारा वाढला. मी होडी बांधून वर आले तर धक्क्यावर काकी उभ्या. त्यांचा मुलगा पहाटेच मोठ्या होडीवर समुद्रात गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. मी जाकिटाचे बंद सोडायला लागले तशा त्या घाईने पुढे आल्या.

"काढू नको गो बाय. वाईच आंगार रवांदे."

"कित्या गो काकी?"

त्या माझ्या मागे गेल्या. पाठीवरच्या अक्षरांना त्यांची बोटं लागलेली मला कळली. "माझ्या झिलार नजर ठेव," त्या म्हणाल्या. "तो येयसर तरी."

हे त्या मला सांगत होत्या की पाठीवरच्या त्याला, मी विचारलं नाही. मी "व्हय" म्हटलं, बंद पुन्हा बांधले आणि त्यांच्याबरोबर तिथेच थांबले.