वही चालत होती

काचेची परीक्षानळी हातात देण्याआधी काका ती खिडकीच्या उजेडात धरायचे आणि विचारायचे, "काय दिसून राह्यलं?" आपण म्हणायचं, "काही नाही." मग ते म्हणायचे, "मंग घे." पण कधी कधी तळाशी डाग असलेली नळी ते मुद्दाम पुढे करायचे. जो न पाहताच "काही नाही" म्हणाला, त्याला त्या दिवशीची सगळी काचसामग्री धुवावी लागे.

तुमच्याही शाळेत असा माणूस असेल. गुरुजी नाही, शिपाई नाही, मधलाच कोणीतरी. आमच्या मारेगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात काका प्रयोगशाळा परिचर होते. दहावी शिकलेले, खाकी पँट, पांढरा शर्ट, खिशाला आम्लाने पडलेली दोन भोकं.

मी बारावीला होते. ती कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीची वर्षं. बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं की आत किडकं. लोक उभ्या पऱ्हाटीत ट्रॅक्टर घालत होते. विज्ञान शाखेतली मुलं एकेक करून आयटीआयला नाहीतर पुण्याकडे कंपनीत गेली. वर्गात आम्ही नऊ जण उरलो. गणिताचे सर तासिकेवर होते, कायम नव्हते. त्यांनी मला एका मोठ्या संस्थेचा ऑनलाईन कोर्स लावून दिला, पदवीच्या पातळीचं गणित. "वर्गात जांभया देतेस, त्यापेक्षा हे कर," म्हणाले. दिवाळीत ते नागपूरला दुसऱ्या नोकरीवर गेले. कोर्स माझ्या गळ्यात राहिला.

अख्ख्या शाळेत मोबाईलला नीट रेंज यायची ती प्रयोगशाळेच्या मागच्या खिडकीत. म्हणून मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर बस येईपर्यंत मी तिथे स्टुलावर बसून व्हिडिओ पाहायची. मला निम्मं कळायचं नाही. इंग्रजी वेगळं, गणित वेगळं, दोन्ही एकदम अंगावर यायचं. तरी मी सोडत नव्हते. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

काका बीकर धुता धुता माझ्या मागे येऊन उभे राहायचे.

"हा मास्तर दमच घेत नाही बाप्पा. याले कोणी पाणी देते का नाही?"

एकदा त्यांनी हळूच विचारलं, "तो आपल्याले पाह्यते का?"

"नाही काका. हे आधीच करून ठेवलं हाय."

"मंग तू मुंडी काहून हालवून राह्यली?"

पुढे मान हलवायची की नाही, याकडेच माझं अर्धं लक्ष जाऊ लागलं.

"हे शिकून काय होते?" त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"मालूम नाही."

"मास्तराले मालूम असन," ते म्हणाले आणि नळ बंद करायला गेले.

घरी मात्र प्रश्न सरळ होता. बाबांनी यवतमाळला नर्सिंगचं पक्कं करत आणलं होतं. मी गणितात बीएस्सी करते म्हटल्यावर ते म्हणाले, "तुले ते जमते, असा कोणाचा कागद तरी दाखव." कागद म्हणजे या कोर्सचं प्रमाणपत्र. दुसरा कोणता कागद माझ्याकडे येण्यासारखा नव्हता.

शेवटची परीक्षा संक्रांतीच्या आदल्या रविवारी आली. प्रश्नपत्रिका मोबाईलवर येणार, उत्तरं कागदावर लिहायची, फोटो काढून तासाभरात पाठवायचे, सोबत शाळेतल्या कोणा मोठ्या माणसाने सही केलेलं पर्यवेक्षकाचं पत्र. दोन शिक्षकांना विचारलं. एकाच्या घरी लग्न होतं, दुसऱ्याने "हे आपल्या बोर्डाचं नाही ना?" म्हणून हात झटकले. काकांना विचारलं तर म्हणाले, "किती वाजता?"

रविवारी मी पोहोचले तेव्हा प्रयोगशाळा झाडून ठेवलेली होती. फळा पुसलेला. भिंतीवरचा मूलद्रव्यांचा तक्ता त्यांनी उलटा करून टांगला होता.

"काका, पेपर गणिताचा हाय."

"असू दे. परीक्षा हाय ना?"

ते दारात स्टूल टाकून तीन तास बसले. वर्तमानपत्रही वाचलं नाही, डुलकीही घेतली नाही. तिसऱ्या प्रश्नाला मी अडले. सूत्र आठवेना. माझी वही टेबलाखालच्या पिशवीत होती. बाहेर कोणीतरी हाक मारली म्हणून काका उठले, तेवढ्यात मी वही काढली, पान पाहिलं आणि परत ठेवली. ते येऊन बसले.

पेपर संपला. मी पत्र पुढे केलं.

"काय लिहेल हाय? मराठीत सांग."

"मी पूर्ण वेळ हजर होतो. परीक्षा नियमाप्रमाणे झाली."

"आणखीन एकदा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"वही पाह्यली तू."

"एकदाच पाह्यली, काका."

"मी तरी दोनदा कुठं म्हणून राह्यलो?"

मला रडू फुटलं. पाठवायला पाऊण तास उरला होता. "काका, हे नाही गेलं तं बाबा मले नर्सिंगले टाकते."

त्यांनी पत्र टेबलावर सरळ करून ठेवलं. मग म्हणाले, "खोटं मी लिहत नाही. तुले बुडवतही नाही. झालं ते लिहतो." त्यांनी सही केली आणि खाली मराठीत लिहिलं, 'तिसरा प्रश्न सोडवताना मुलीने एकदा वही पाहिली. बाकी पेपर तिने स्वतः सोडविला.'

पिशवीत त्याच पत्राची कोरी प्रत होती. काकांची सही सोपी होती. दोन मिनिटांचं काम. पण मी त्यांनी लिहिलेलंच पत्र पाठवलं. इतकी वर्षं झाली, तुम्ही विचाराल तर मला अजून सांगता येणार नाही की ते प्रामाणिकपणाने केलं की रागाने.

त्यानंतर तीन आठवडे मी त्यांच्याशी बोलले नाही. प्रात्यक्षिकाला गेले तरी खाली मान घालून नळी घ्यायची.

मग निकाल आला. पास. एकाहत्तर गुण, प्रमाणपत्र सोबत. मला वाटलं, संस्थेतल्या लोकांना मराठी वाचता आलं नसेल. उद्या कोणी वाचलं तर प्रमाणपत्र जाईल, या भीतीने मी पहिल्यांदाच परीक्षेच्या सूचना शेवटपर्यंत वाचल्या. सातव्या ओळीत होतं की विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली वही जवळ ठेवून पाहायला हरकत नाही.

मी धावत प्रयोगशाळेत गेले. "काका, वही चालत होती!"

त्यांच्या हातात बीकर होतं. "तुले मालूम होतं?"

"नाही."

"पाह्यली तेव्हा नव्हतं मालूम?"

"नाही."

"मंग चोरीच झाली." ते नळाकडे वळले, पण नळ सोडला नाही. "पण चालत होती म्हणते, तं चोरी कायची झाली? अन् मंग मी काहून लिहलं?"

मी आनंदाची बातमी द्यायला गेले होते. ते खाली बसले. पुढचे कित्येक दिवस ते भेटले की हेच. एकदा व्हरांड्यात थांबवून त्यांनी विचारलं, "बाई, गणितात असं होते का, दोघंही चुकले अन् उत्तर बरोबर?"

"होते कधी कधी. पण त्याचे मार्क भेटत नाही."

"तुले तं भेटले," ते म्हणाले. हसले नाहीत.

बाबांनी कागद पाहिला, उलटसुलट केला आणि मला अमरावतीला पाठवलं. पुढच्या वर्षी आमच्याकडे अकरावी विज्ञानाला कोणी आलंच नाही. शाखा बंद झाली. काका अतिरिक्त ठरले. त्यांचं समायोजन पांढरकवड्याच्या एका शाळेत झालं, एवढं कळलं.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला त्या संस्थेची मेल आली. एक पत्र त्यांच्याकडे वर्षभर पडून होतं, कोणाला वाचता येत नव्हतं, त्यावर माझा नोंदणी क्रमांक होता, हे तुमच्या संबंधातलं आहे का? सोबत फोटो. अंतर्देशीय पत्र, निळ्या शाईत काकांचं अक्षर.

'महोदय, मी लिहिले ते खरे आहे. मुलीने वही पाहिली. पण वही चालते हे मला माहीत नव्हते, आणि तिलाही माहीत नव्हते. मुलगी चांगली आहे. तिच्यावर डाग ठेवू नये. मीपण खोटा नाही. तरी चूक झाली आहे. कोणाची, ते आपण पाहून सांगावे.'

मी त्याचं इंग्रजी करून पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. आभार, विषय बंद करण्यात येत आहे.

पुढच्या सुट्टीत काकांच्या पत्राची प्रत आणि आलेलं उत्तर, असे दोन्ही कागद घेऊन मी पांढरकवड्याला गेले. शाळेच्या ऑफिसात एक लिपिक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "ते तं दिवाळीतच रिटायर झाले. पोराकडे गेले, चंद्रपूरकडे कुठंतरी. नंबर नाही आमच्याजवळ. काही काम होतं का?"

"त्यांनी एक विचारलं होतं," मी म्हटलं. "त्याचं सांगायचं होतं."

"मले सांगून ठेवा. आले कधी तं सांगीन."

मी हातातल्या कागदांकडे पाहिलं. चूक कोणाची, ते त्यांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिपिक बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. मी पाणी प्यायले, कागद पिशवीत ठेवले आणि मारेगावची बस कुठून लागते, ते त्यांना विचारलं.