धुवायचं राहिलेलं वाक्य

विभागात तिला लाँड्रीबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ वळली की लाँड्रीबाई. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडायचंही. धर्म आणि इंटरनेट हा तिचा विषय. माणसं मोबाइलवर प्रार्थना कशी करतात, प्रवचनाच्या व्हिडिओखाली काय लिहितात आणि श्रद्धा उडाली की कुठल्या आडोशाला जाऊन टोपणनावाने बोलतात, हे ती वर्षानुवर्षं वाचत आलेली. अशा आडोशातलं वाक्य लेखात वापरायचं तर ते आधी धुवावं लागतं, असं ती शिकवायची. शब्द बदलायचे, क्रम फिरवायचा, भावाची बहीण करायची आणि मग ते सर्चमध्ये टाकून बघायचं. काही सापडलं नाही तरच लेखात घ्यायचं. नाहीतर कुणीही उपटसुंभ त्या वाक्याचं बोट धरून थेट लिहिणाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहील. यावरून तिने किती विद्यार्थ्यांना रडवलं असेल, त्याला हिशेब नाही.

आणि अशा बाईने एक वाक्य न धुता छापलं.

एका प्रवचनकारांच्या बैठकीला जाणाऱ्या आणि 'मुंगी' या नावाने लिहिणाऱ्या कुणा बाईचं ते होतं. 'लेकरू तापाने फणफणलं होतं. मी सगळ्यांबरोबर डोळे मिटून बसले, पण मनात डॉक्टरांचा नंबर घोकत होते.' शब्द बदलीन, असं मुंगीला कळवून लाँड्रीबाईने ते बदलून पाहिलं, पण बदललं की त्यातला जीवच जायचा. शेवटी मोह झाला. एवढ्या रटाळ लेखात एक ओळ कोण शोधत बसतंय, असं म्हणून तिने ते तसंच ठेवलं. शिकलेल्या माणसाचा गाढवपणाही तोच, फक्त त्याला तळटीप असते.

एके सकाळी ती चहा घेत होती. शेजारच्या खोलीत आई टॅबलेटपुढे बसली होती. आई त्याच प्रवचनकारांची जुनी भक्त, सकाळचं थेट प्रक्षेपण आणि त्यानंतर बायकांच्या ग्रुपवरच्या गप्पा यांवर तिचा दिवस उभा असायचा. एवढ्यात प्रवचनकारांच्या गोड आवाजात ते वाक्य ऐकू आलं. लेकरू, ताप, डॉक्टरांचा नंबर, सगळं जसंच्या तसं. विद्यापीठातल्या एका लेखात आलंय म्हणाले. "आपल्यातच बसून, आपल्याबरोबर डोळे मिटून आपल्याला फसवणारी ही कोण? शोधा तिला. प्रेमाने शोधा."

लाँड्रीबाई कप ठेवून दारात येऊन उभी राहिली. त्या 'प्रेमाने'चा अर्थ तिच्याइतका कुणाला माहीत असणार? त्याच विषयावर तिला डॉक्टरेट मिळाली होती.

दुपारपर्यंत लोकांनी ते वाक्य सर्चमध्ये टाकून मुंगीचं मूळ लिखाण शोधून काढलं. नाव काही मिळेना, मग तर्क सुरू झाले. कुणाचं मूल आजारी होतं, हल्ली बैठकीला कोण येत नाही. संध्याकाळी त्यांनी एक बाई नक्की केली. ब्लाउज शिवणारी, एका मुलीची आई, कामाच्या रगाड्यात बैठकीला जाणं सुटलेली. तिचा फोटो फिरला. दुसऱ्या दिवशी तिच्या दुकानाची काच फुटली, आणि तीही तिची मुलगी आत बसलेली असताना.

विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, तुम्ही गप्प बसा. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. नियमच आहे तो."

"सर, पण ती बाई ती नाही! मुंगीने मला खासगीत मुलगा आहे असं कळवलं होतं."

"तुम्हाला माहितेय खरी कोण ते?"

"नाही."

"मग? ही नाही म्हणालात, तर ते दुसरी शोधतील. एकेक वगळत गेले तर खरीच हाती लागेल."

हे काही खोटं नव्हतं. त्याच दुपारी खुद्द मुंगीचा निरोप आला. 'घरात सगळे बसून कोण असेल त्याचा अंदाज बांधताहेत. मीही त्यांच्यात बसून बांधतेय. तुम्ही माझे शब्द बदलणार होता ना?'

तिने तो पुन्हा पुन्हा वाचला. भीती म्हणजे काय यावर तिने पानंच्या पानं लिहिली होती. त्यातल्या एकाही पानाचा आता उपयोग नव्हता. ती खुर्चीत बसली आणि स्वतःच्या नावाने जाहीर लिहून टाकलं, 'मुंगी मीच. ते लिखाण माझं. मीच ते दुसऱ्या कुणाचं म्हणून लेखात वापरलं.'

संशोधकाने असं म्हणणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं नव्हे, तर त्याखाली जाऊन झोपणं. विभागप्रमुखांचा फोन आला तो आरडाओरडा करतच. उद्यापासून येऊ नका, चौकशी बसेल, वगैरे. तिने ऐकून घेतलं. तिचं सगळं लक्ष दाराकडे होतं. घराचा पत्ता लोकांनी एव्हाना टाकलाच होता. जिन्यात पावलं वाजली की ती उठून कडी लागलीय ना ते बघायची.

आई टॅबलेट घेऊन तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "तू लिहिलंस?"

"हो."

"तुला कुठे गं मूल आहे?"

जगाला बनवायला निघालेल्या बाईच्या हे लक्षातच आलं नव्हतं. लोकांना हे कळायला कितीसा वेळ लागणार? मग पुन्हा शोध, पुन्हा ते बसून अंदाज बांधणारं घर.

एवढ्यात आईचा फोन वाजला. ग्रुप चालवणारी बाई होती. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "मावशी, तुमच्या मुलीला तर मूलबाळ नाही. मग हे कुणाला वाचवतेय ती?"

आईने मुलीकडे पाहिलं. लाँड्रीबाईने हात जोडले. आई आयुष्यात खोटं बोलली नव्हती, निदान प्रवचनकारांच्या माणसांशी तरी नाही.

"कुणाला वाचवणार?" आई म्हणाली. "लेकरू म्हणजे तीच. लहानपणी तापली होती. नंबर मी घोकत होते. माझंच ऐकून लिहिलंय तिने."

"असं होय," पलीकडून आलं. मग फोन बंद झाला.

"आई, माझ्यासाठी खोटं बोललीस..."

"सगळंच काही खोटं नाही," आई म्हणाली.

शिवणारीला त्यानंतर कुणी छळलं नाही. मुंगीचं खातं मात्र त्याच संध्याकाळी बंद झालं. ती सुटली की सापडली, हे विचारायची सोय उरली नाही. लाँड्रीबाई अजून रोज ते नाव शोधते आणि काही मिळालं नाही की घाबरते.

त्या संध्याकाळी आई मात्र टॅबलेटवर बोट फिरवत राहिली. बायकांचा ग्रुप काही केल्या दिसेना. तिला काढून टाकलं होतं. खाली कुणीतरी मोटारसायकल थांबवली तशा दोघी एकमेकींच्या जवळ सरकल्या. मोटारसायकल पुढे गेल्यावर आईने विचारलं, "उद्या सकाळी मी कुणात बसू गं?"